ओव्हनचा टच परत परत का बिघडतो? काच बदलण्याआधी एवढं तपासा

पावसाळा लागला की हॉटेलांतून आणि बेकऱ्यांतून एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. १८० वर लावलेलं तापमान आपापलं २२० वर जाऊन बसतंय. ‘स्टार्ट’ दाबलं तर शेजारचंच बटण लागतंय. किंवा स्क्रीनवर सगळं छान दिसतंय, पण बोट कितीही आपटलं तरी दाद नाही. यातल्या बऱ्याच जणांनी आधी एकदा टच बदललेला असतो. भलंमोठं बिल भरलेलं असतं, काही महिने बरे जातात आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न.

कोल्हापुरात व्यावसायिक किचनची मशिनं दुरुस्त करताना माझं एक मत पक्कं झालंय. एकदाच बिघडलेल्या टचमध्ये दोष काचेचा असू शकतो. परत परत बिघडणाऱ्या टचमध्ये तो सहसा काचेच्या बाहेर असतो. मागची उष्णता, आत शिरलेली वाफ, नाही तर अर्थिंगची बोंब. ते तसंच ठेवून नवी काच बसवली, की तीही त्याच वाटेनं जाते. म्हणून काचेची ऑर्डर देण्याआधी पुढचं बघून घ्या.

आधी वीज बंद

स्क्रीनवरचं बटण दाबून ओव्हन ‘बंद’ केला म्हणजे आतली वीज जात नाही. भिंतीवरचा आयसोलेटर (ओव्हनची सगळी वीज तोडणारा स्विच) पाडायचा, मीटर लावून तिन्ही फेज गेलेत याची खात्री करायची आणि काही मिनिटं थांबायचं, कारण पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज शिल्लक राहतो. गॅस किंवा डिझेलचा कॉक बंद, कॉम्बी ओव्हन (गरम हवा आणि वाफ दोन्हींवर चालणारा) असेल तर पाण्याचा इनलेटही बंद. पॅनेल उघडायचं काम वायरमनचं किंवा सर्व्हिसवाल्याचं आहे, आचाऱ्यानं त्यात स्क्रूड्रायव्हर घालू नये. खालच्या निम्म्या तपासण्या पॅनेल न उघडताच होतात.

आणि एक. ‘थोडी नाटकं करते, पण चालते’ म्हणून आपोआप दाबली जाणारी स्क्रीन चालू ठेवू नका. तापमान स्वतःहून वाढवणारा ओव्हन रात्री कुणी नसताना चालू झाला तर काय, याचा विचार करा. आत जादा तापमानाला हीटर किंवा बर्नर तोडणारा वेगळा सेफ्टी थर्मोस्टॅट असतो. तो सारखा ट्रिप होतोय म्हणून वायर जोडून बायपास केलेले ओव्हन मी बघितलेत. असा ओव्हन दिसला तर टचचं नंतर बघू, आधी ती वायर काढा.

टच कोणत्या जातीचा?

पेनाचं प्लॅस्टिकचं टोपण घ्या आणि स्क्रीनवर हलकं दाबा. बटण लागलं तर रेझिस्टिव्ह टच, नाही लागलं आणि बोटानं मात्र लागलं तर कपॅसिटिव्ह. बेकरीतल्या रोटरी रॅक ओव्हनवर पीएलसीसोबत (ओव्हन चालवणारा कंट्रोलर) जो चोवीस व्होल्टचा एचएमआय, म्हणजे टचस्क्रीनचा डबा, येतो तो बहुधा पहिल्या जातीचा असतो. हॉटेलातल्या नव्या कॉम्बी ओव्हनवर मोबाइलसारखा गुळगुळीत काचेचा दुसरा.

दोघांची दुखणी वेगळी आहेत. रेझिस्टिव्हमध्ये दोन पातळ थर एकमेकांवर दाबले जातात. त्याला मैद्याचं बोट चालतं, हातमोजा चालतो, ओलाही थोडाफार चालतो. पण रोज एकाच ठिकाणी दाबून ‘स्टार्ट’ची जागा झिजते आणि कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाची जागा आणि बटण यांचा मेळ, सरकतं. बोट एकीकडे आणि बटण दुसरीकडे लागतं ते त्यामुळे. हे दुरुस्त करायला काच लागत नाही. मेन्यूत टच कॅलिब्रेशन असतं, कोपऱ्यातल्या खुणा बोथट टोकानं दाबायच्या. महिन्याभरात परत सरकलं तर मात्र थर उष्णतेनं सुटायला लागलेत असं समजा.

कपॅसिटिव्ह टच बोटानं होणारा विद्युतक्षेत्रातला बारीकसा बदल मोजतो. पाण्याचा थेंबही तसाच बदल करतो, म्हणून थेंबाला तो बोट समजतो. बऱ्याच कपॅसिटिव्ह स्क्रीन चालू होतानाच ‘आत्ता कुणी हात लावलेला नाही’ ही स्थिती स्वतःशी नोंदवून घेतात. त्या क्षणी काचेवर ओलं फडकं असेल, थेंब असेल, नाही तर पोरानं हात टेकवलेला असेल, तर ती नोंदच चुकते आणि दिवसभर एखादा पट्टा बहिरा राहतो. सकाळी स्क्रीन कोरडी पुसा, हात लांब ठेवा, मग आयसोलेटर चालू करा. एवढ्यानंच मिटलेल्या तक्रारी आहेत आणि त्याचे पैसे मागायला मलाच संकोच वाटतो.

आधी हेही बघा की बिघाड खरंच टचचा आहे का. स्क्रीनवरचं घड्याळ किंवा टायमर पुढे सरकतोय, पण बटण लागत नाही, तर टच. घड्याळही थिजलंय, तर बोर्ड किंवा सॉफ्टवेअर अडकलंय, तिथं काच बदलून काही होणार नाही. पूर्ण वीज काढून काही मिनिटांनी चालू करा. रोजच थिजत असेल तर पॉवर सप्लाय तपासायला घ्या.

केव्हा बिघडतं, तेच खरं निदान

भटारखान्यात भिंतीवर कॅलेंडर असतंच. त्यावर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहायला लागा: किती वाजता बिघडलं, ओव्हन किती वेळ चालू होता, लाइट गेली होती का, जनरेटर होता का, पाऊस होता का, आदल्या रात्री धुलाई झाली होती का. आठवड्याभराच्या नोंदी बघून मला फोनवरच अर्धं निदान करता येतं. नोंदी नसल्या की “काय ओ, आपापलंच करायलंय बघा की” एवढंच हातात येतं, आणि मी पोहोचेपर्यंत स्क्रीन शहाण्यासारखी वागत असते.

सकाळी ठीक, तास-दोन तास तापल्यावर वेड: हे उष्णतेचं काम. पॅनेलमागच्या कप्प्यात एक छोटा पंखा असतो आणि त्याची हवा येते ती फिल्टरमधून किंवा जाळीतून. फिल्टर कुठे आहे हे विचारलं तर दहापैकी नऊ ठिकाणी कुणाला माहीत नसतं. कॉम्बीत तो बहुधा कंट्रोल पॅनेलच्या खालच्या बाजूला सरकवून काढायचा असतो. काढून बघा. बेकरीत त्याच्यावर मैदा आणि डालड्याची वाकळ तयार झालेली असते, उजेडासमोर धरली तर पलीकडचं काही दिसत नाही. हॉटेलात तोच थर फोडणीच्या तेलाचा, पिवळा आणि चिकट. बोट लावलं तर बोटाबरोबर तार येते. धुण्याजोगा फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावा, बदलायचा असेल तर बदला. पण फिल्टरशिवाय चालवू नका, कारण मग तीच वाकळ बोर्डावर तयार होते.

फिल्टर स्वच्छ असेल तर पंखा. वीज बंद असताना बोटानं फिरवला की तो सुटसुटीत फिरून सावकाश थांबायला हवा. अडखळला, खरखरला तर बेअरिंग गेलं. त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा आणि हवा त्याच दिशेला फेकणारा पंखा घ्या. उद्यमनगरात माप घेऊन गेलात तर पंख्याची जाळी, ब्रॅकेट, पत्र्याचा आडोसा, काय हवं ते करून मिळतं. हवेची दिशा मात्र स्वतः बघा. उलटा बसवलेला पंखा आवाज तेवढाच करतो आणि गरम हवा कप्प्यातच फिरवत राहतो.

मग ओव्हनच्या आजूबाजूला बघा. जागा नाही म्हणून ओव्हन भिंतीला टेकवलेला असतो आणि पॅनेलच्या बाजूला फ्रायर नाही तर तांबड्या रश्श्याचं पातेलं रटरटत असतं. कंपनीनं सांगितलेलं अंतर सोडा. तेवढी जागाच नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा करून घ्या. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा एक ठोकताळा सगळे इलेक्ट्रॉनिक्सवाले सांगतात: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. पॅनेल उघडलं असेल तर पॉवर सप्लायवरच्या या दंडगोलांची डोकी बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा खाली तपकिरी डाग असेल, तर पुढे जाणारा डीसी सप्लाय स्वच्छ राहिलेला नसतो आणि कपॅसिटिव्ह टचला खोटी बोटं दिसायला लागतात. काही रुपयांच्या कपॅसिटरपायी हजारोंची काच बदलली जाते, ती इथं.

वाफ आणि पाऊस

जून ते सप्टेंबर आपल्याकडं दिवसेंदिवस ऊन पडत नाही. रात्री किचन बंद, पहाटे पॅनेल गार, आणि भट्ट्या पेटल्या की दमट हवा त्या गार पॅनेलच्या आत जाऊन दव धरते. सकाळचा पहिला तास वेडा आणि नंतर सगळं ठीक, असं असेल तर शंका याचीच घ्या. उष्णतेच्या बिघाडाच्या बरोबर उलटं.

पण दव आत जातंच कसं? नवीन कॉम्बी ओव्हन समोरून पाण्याचा फवारा सोसतील अशा आयपीएक्स-५ दर्जाचे मिळतात. तो दर्जा कारखान्यातून आलेल्या स्थितीतल्या ओव्हनचा, एकदा उघडून परत लावलेल्याचा नव्हे. मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे. टच बदलताना पॅनेलच्या कडेचं रबर निघतं. ते ताणलं जातं, परत खाचेत बसवताना एका कोपऱ्यात दुमडतं, नाही तर जुनंच चपटं झालेलं रबर परत लावलं जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. टॉर्च तिरका धरून कडेनं फिरवला की एखाद्या कोपऱ्यात काळ्या रेघेऐवजी बारीक फट दिसते. रोज रात्री त्याच फटीतून पाणी जातं. म्हणजे पहिल्या दुरुस्तीनंच दुसऱ्या बिघाडाची सोय करून ठेवलेली असते, आणि दुसरी दुरुस्ती तिसऱ्याची करते. काच बदलून घेतलीत तर रबर नवीनच मागा, बिलात वेगळी ओळ दिसली पाहिजे.

त्या फटीवर सिलिकॉन फासणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. शहाणपणाचा नाही. आत गेलेली ओल मग बाहेरही येत नाही, आणि पुढच्या वेळी पॅनेल उघडताना काच तडकते.

दुसरा रस्ता दरवाजाच्या रबराचा. दहाची नोट दरवाजात अडकवा, दरवाजा लावा आणि नोट ओढा. चारी बाजूंनी सारखा अडसर लागला पाहिजे. पॅनेलच्या बाजूला नोट सहज निघाली तर तिथून वाफ रोज पॅनेलवर मारतेय. त्या जागी स्टीलवर पांढरट ओघळही दिसेल. पॅनेल दरवाजाच्या वर असेल तर दरवाजा एकदम सताड उघडायची सवय मोडा. आधी जरासा उघडून वाफ जाऊ द्या, मग पूर्ण.

आणि धुलाई. रात्री कट्टा धुताना पाइप ओव्हनवरही फिरतो, त्यात ओव्हन क्लीनरचा फवारा थेट स्क्रीनवर. या क्लीनरमध्ये बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो जळकट चरबी सोडवतो, तसा काचेच्या कडेचा चिकट थरही सोडवतो. स्क्रीनला फक्त मऊ फडकं, साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं, नंतर कोरडं. तारेची घासणी दिसली तर फेकून द्या.

स्क्रीनवर प्लॅस्टिकची पिशवी ताणून चिकटवायची पद्धत बेकऱ्यांत फार आहे. रेझिस्टिव्हवर चालते, पिशवी बदलत राहिलात तर. कपॅसिटिव्हवर नको: आत अडकलेली ओल आणि हवेचे फुगे खोटी बोटं बनतात.

२०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्यांच्या दुकानात शिरलं होतं, त्यांनी एक जास्तीची तपासणी करावी. वाळवून, पुसून चालू केलेल्या मशिनांच्या वायरींत लगच्या (वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या तुकड्याच्या) आत हिरवा गंज राहून जातो आणि तो वर्षांनंतर डोकं काढतो. लग ओढून बघा, हिरवा दिसला की कापून नवा दाबा.

लाइट, अर्थिंग, जनरेटर

मिक्सर चालू झाला, फ्रीजचा कॉम्प्रेसर लागला, बर्नर पेटला, जनरेटरवर गेलो, की त्याच क्षणी स्क्रीन नाचते. असं असेल तर काचेला हातही लावू नका.

मीटर घेऊन चालू ओव्हनवर, म्हणजे लोडवर, वायरमनकडून मोजून घ्या. प्रत्येक फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. एका फेजवर २६०-२७० आणि दुसऱ्यावर १९० दिसलं तर न्यूट्रल ढिली आहे. ओव्हनच नाही, सगळंच बंद करा आणि न्यूट्रलची जोडणी शोधा. मग न्यूट्रल ते अर्थ. एक-दोन व्होल्ट असतात, ते चालतं. पाच-दहाच्या वर आकडा खेळत असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रल यांपैकी एक नावालाच आहे.

जुन्या पेठांतल्या बेकऱ्यांत अर्थची हिरवी वायर मागोवा घेत गेलं तर नळाच्या पाइपला बांधलेली सापडते. पाइप आता प्लॅस्टिकचा झालेला असतो, वायर तशीच. जिथं अर्थिंगचा खड्डा आहे तिथं एप्रिल-मेमध्ये तो कोरडा ठणठणीत पडतो. पावसाळ्यात बिघडतं ते ओलीनं, उन्हाळ्यात बिघडतं ते बऱ्याचदा या खड्ड्यानं. त्यात पाणी घालत राहा आणि वर्षातून एकदा अर्थ टेस्टर असलेल्या वायरमनकडून मोजून घ्या. काही जण ओव्हनच्या बॉडीला एक हात लावून दुसऱ्या हातानं टच दाबून बघतात. टच सुधारला तर अर्थिंग खराब. निदान बरोबर असेल, पण अर्थिंग खरंच खराब असेल तर तो हात कशाला लावताय?

जनरेटरवरच बिघडत असेल तर चेंजओव्हर (लाइटवरून जनरेटरवर नेणारा स्विच) बघा. चार पोलचा चेंजओव्हर महावितरणची न्यूट्रलही तोडतो. तेव्हा जनरेटरची स्वतःची न्यूट्रल अर्थ केलेली नसेल, तर ती तरंगत राहते. जनरेटर बसवणाऱ्याला एवढं एक वाक्य सांगितलं तरी त्याला पुरतं.

रॅक ओव्हनवाल्यांसाठी खास. बर्नर पेटवताना इग्निशन ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्टची ठिणगी टाकतो. एका बेकरीत पहाटे बर्नर लागला की स्क्रीन पानं उलटायला लागायची, दिवसभर मग शांत. टच बदलून झाला होता, एचएमआयही बदलायचं चाललं होतं. पत्रा काढला तर इग्निशनची जाड वायर आणि एचएमआयची डेटा केबल एकाच केबल टायनं हातभर लांबीला आवळून बांधलेल्या. बांधणाऱ्यानं काम नीटनेटकं केलं होतं, एवढं खरं. दोन्ही वायरी वेगळ्या वाटेनं नेल्या, तडकलेली इग्निशन वायर बदलली, डेटा केबलचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) एका टोकाला अर्थ केलं. स्क्रीन गप्प बसली. कॉन्टॅक्टर (हीटर किंवा मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) लागताना नाचत असेल तर त्याच्या कॉइलवर स्नबर, म्हणजे विजेचा झटका शोषणारा भाग, बसवून घ्या, स्वस्त वस्तू आहे.

पॅनेल उघडलंच आहे तर

काचेतून येणारी पातळ रिबन केबल बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये सरळ बसलीय का बघा. कनेक्टरचं झाकण नखानं अलगद उचला, रिबन काढा, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सरळ आत सरकवा, झाकण लावा. तिरकी बसलेली रिबन एक सरळ पट्टा मारून टाकते. सर्व्हिस मेन्यूत टच टेस्ट असेल तर बोटानं पूर्ण स्क्रीनभर रेघा ओढा; रेघ नेहमी त्याच ठिकाणी तुटत असेल आणि रिबन बसवूनही तुटत असेल, तर हो, आता काच बदला. फक्त कडेची बटणं आपोआप लागत असतील तर आधी फ्रेमचे स्क्रू थोडे सैल करून बघा. जास्त आवळलेली फ्रेम काचेची कड दाबून धरते.

झुरळं. सांगायला बरं वाटत नाही, पण उबदार, अंधारा आणि खरकट्याच्या वासाचा तो कप्पा त्यांना फार आवडतो. अंडी आणि घाण बोर्डावर पडते, ओल धरते, ट्रॅक शॉर्ट होतात. ब्रश आणि अल्कोहोलनं बोर्ड साफ करायचा आणि वायरी आत जातात ती भोकं ग्रॉमेटनं (रबरी कड्यानं) बुजवायची. पॅनेलच्या आत फवारा मारू नका.

मोबाइलवाल्याकडून ‘मापाचा टच’ बसवून घेण्याचा मोह होतो. माप जुळतं, कंट्रोलरची सेटिंग जुळत नाही, आणि त्याचा गोंद ओव्हनशेजारच्या उष्णतेसाठी बनलेला नसतो. मी तरी बसवत नाही.

कंपनीचा माणूस पुण्याहून येणार असेल तर त्याला आधीच बिघाडाचा व्हिडिओ, मॉडेल आणि सीरियल नंबरच्या पट्टीचा फोटो, सॉफ्टवेअर व्हर्जनचं पान आणि कॅलेंडरवरच्या नोंदी पाठवा. नाही तर तो बघून जातो, पार्ट मागवतो आणि परत येतो, तोवर लग्नसराईचा आठवडा गेलेला असतो. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) टच आणि बोर्ड धरलेत की फक्त मजुरी, हे वाचून ठेवा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

पार्ट येईपर्यंत ओव्हन चालवायचा की नाही? टच नुसता बहिरा असेल आणि जतन केलेला प्रोग्रॅम एका जिवंत बटणावर लागत असेल, तर माणूस समोर उभा करून चालवा. आपोआप दाबला जात असेल तर अजिबात नको. दोन्ही वेळी रात्री बंद करताना स्क्रीनवर विसंबू नका, आयसोलेटर पाडा आणि बर्नरचा कॉक फिरवा.